वेगळी वस्तू कोणती?

दिवाळी संपता संपता आमच्या राहात्याच्या रस्त्यावरून उसतोड्यांच्या टोळ्या जाऊ लागतात. पूर्वी त्या बैलगाड्यांतून येत, आता ट्रॅक्टर व ट्रकमधून येतात. परंतु गाडीत रचलेला संसार पूर्वीसारखाच असतो. चार भांडी, पांघरुणांचे गाठोडे, पाचटाच्या कोपीसाठी लागणारे बांबू, एखादी शेळी आणि या सर्वांच्या वर बसलेली, डोळे मोठे करून गाव पाहणारी मुले. बीडकडची, पाथर्डीकडची ही माणसे फराळाचे डबे रिकामे होण्याच्या सुमारास येतात आणि उन्हे तापू लागली की परत जातात. त्या मुलांतल्या एकीने मला जे शिकवले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मी पेशाने शिक्षक होतो. शिकवण्याचा पगार मला मिळत होता, ही त्यातली गंमत!

गोष्ट 1987 सालच्या हिवाळ्यातली. गावाबाहेर कोप्या पडल्या होत्या. तिथली पाच-सहा मुले मी शिकवीत असे त्या शाळेत येऊन बसू लागली. त्यांत साधारण दहा वर्षांची एक मुलगी होती. एके दिवशी वर्गात बुद्धीचे प्रश्न विचारण्याचा माझा कार्यक्रम चालला होता. फळ्यावर मी चार चित्रे काढली होती: कोयता, विळा, कुऱ्हाड आणि ऊस. "यांतली वेगळी वस्तू कोणती?" गावातल्या मुलांनी लगेच हात वर केले, "ऊस, गुरुजी!" कोयता, विळा, कुऱ्हाड ही हत्यारे, ऊस हे पीक. उत्तर सोपे होते. मी मुद्दाम त्या मुलीला उठवले.

ती चित्रांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, ऊस काढला तर कोयत्यानं तोडायचं काय?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "तसं नाही बाळ. यांत एक गोष्ट बाकीच्यांसारखी नाही. ती कोणती?"

"मग विळा काढा. ऊस विळ्यानं तुटत न्हाई. कुऱ्हाड ऱ्हाऊ द्या, जळणाला लागती."

मी तिला खाली बसवले आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढे 'मंद' असा शेरा लिहिला. तो शब्द लिहिताना माझा हात जरासुद्धा थबकला नाही, हे मला आज सर्वांत अधिक बोचते.

त्याच आठवड्यात ती मला बाजारात दिसली. ऊस तोडल्यावर वरचा हिरवा शेंडा उरतो त्याला वाढे म्हणतात. त्याच्या पेंढ्या बांधून ही मुले जनावरांच्या चाऱ्यासाठी विकतात. भाव होता दोन रुपयांना तीन पेंढ्या. एका शेतकऱ्याला दहा हव्या होत्या. मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, "नवाचे सहा, अन् एकीचे सत्तर पैसे. सहा रुपये सत्तर पैसे द्या." दोन भागिले तीन, गुणिले दहा असे काहीबाही मी मनातल्या मनात करीत होतो, तोवर तिचे पैसे कनवटीला गेलेसुद्धा. हिशेब बरोबर होता. पाचट आणि चिखल यांच्यामध्ये उभी राहून त्रैराशिक सोडवणारी मुलगी माझ्या वहीत 'मंद' होती! दुसऱ्या दिवशी मी तेच गणित वर्गात फळ्यावर मांडून दिले. तिला ते आले नाही. मला वाटले, काल शेतकऱ्यानेच तिला सांगितले असेल. माणूस आपला शेरा वाचवण्यासाठी किती धडपडतो!

हंगाम संपला, टोळी गेली, मुलगीही गेली. ती पुढे कुठल्या कारखान्यावर गेली, तिचे काय झाले, हे मला कळले नाही. परंतु काही वर्षांनी पुण्याच्या एका ग्रंथालयात एक पुस्तक चाळताना मी एकदम खुर्चीत ताठ बसलो. माझ्या फळ्यावरची चारही चित्रे तिथे होती. फरक एवढाच की उसाच्या जागी लाकडाचा ओंडका होता, आणि कोयत्याविळ्यांच्या जागी हातोडी, करवत व कुऱ्हाड.

*

ते पुस्तक होते अलेक्झांडर लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाचे. लूरिया (1902–1977) आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी लेव व्हिगॉट्स्की (1896–1934) यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक विचार मांडला. माणसाचे मन हे झाडासारखे केवळ आतून वाढत नाही. ज्या समाजात ते वाढते त्या समाजाने शतकानुशतके घडवलेली साधने, म्हणजे भाषा, अंक, लिपी, नकाशे, गाठी मारून ठेवलेल्या आठवणी, ही उचलून मूल स्वतःची स्मृती व विचार घडवते. जसे हाताला कोयता, तसे मनाला शब्द. म्हणून मुलाचा अभ्यास करायचा तर त्याच्याबरोबर त्याच्या साधनांचा, आणि त्या साधनांच्या इतिहासाचाही अभ्यास करावा लागतो. या दृष्टीला 'सांस्कृतिक-ऐतिहासिक' असे नाव पडले. नाव भारदस्त आहे, पण आशय आपल्या आजीला ठाऊक असलेला आहे. घर तसे मूल, असे ती म्हणतच आली आहे. या विद्वानांनी विशेष असे केले की, घराचा हा परिणाम नेमका होतो कसा, हे तपासण्याच्या पद्धती शोधल्या.

1931 व 1932 साली लूरिया यांनी मध्य आशियात, उझबेकिस्तान व किरगिझस्तानच्या खेड्यांत, दोन मोहिमा नेल्या. तिथे त्या वेळी मोठी उलथापालथ चालली होती. कधी शाळा न पाहिलेले शेतकरी, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायका, सामुदायिक शेतीवर काम करू लागलेले तरुण, असे सगळे एकाच मुलखात शेजारी शेजारी राहत होते. एरवी ज्या बदलाला पिढ्या लागाव्यात तो चालू असतानाच पाहण्याची ही संधी होती. संशोधकांनी प्रयोगशाळा थाटली नाही. चहाच्या दुकानात, शेकोटीभोवती गप्पा मारता मारता ते कोडी घालीत आणि उत्तर चुकले की पुढे न जाता 'असे का?' म्हणून विचारीत. त्यांच्या कामाचे मर्म या 'असे का?'मध्ये आहे.

हातोडी, करवत, ओंडका व कुऱ्हाड दाखवून वेगळी वस्तू विचारली की निरक्षर शेतकरी ओंडका काढायला तयार होत नसत. लाकूडच नसेल तर करवतीचे काय करायचे, असा त्यांचा उलट सवाल असे. दुसऱ्या एका कोड्यात त्यांना सांगत, दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथली सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक गाव दूर उत्तरेला आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? शेतकरी म्हणत, आम्ही तिकडे गेलो नाही, पाहिलेल्या माणसाला विचारा. मात्र ज्यांना थोडेसे शालेय शिक्षण मिळाले होते त्यांची उत्तरे झपाट्याने बदललेली आढळली. तेव्हा उत्तरांतला फरक मेंदूचा नव्हता. वस्तूंना कामावरून जोडायचे की नावावरून, डोळ्यांनी पाहिलेल्यावर विसंबायचे की ऐकलेल्या शब्दांवर, ही सवय जगण्यातून आणि शाळेतून येत होती.

या संशोधनाचे नशीब मात्र मोठे विचित्र निघाले. खेडुतांचा यात अपमान आहे, असा आरोप त्यांच्याच देशात झाला, आणि पुस्तक रशियनमध्ये छापले गेले ते थेट 1974 साली, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षांनी. व्हिगॉट्स्की 1934 साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेले. 1936 च्या एका सरकारी ठरावानंतर त्यांचे लेखन वीस वर्षे छापले गेले नाही. विचार आणि भाषा यांवरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आला 1962 साली. माझ्यासारख्या खेड्यातल्या मास्तराला तो उशिरा कळला, यात नवल ते काय?

लूरियांवरचा आक्षेप अगदीच पोकळ होता असे नाही. शाळेची रीत ती वरची व शेतकऱ्याची ती खालची, असा सूर त्यांच्या लेखनात अधूनमधून लागतो. पुढे पश्चिम आफ्रिकेत लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांपुढे अमेरिकन संशोधकांनी वस्तूंचा ढीग ठेवला आणि लावायला सांगितला. एका शेतकऱ्याने बटाट्याजवळ सुरी ठेवली, कारण सुरीने बटाटा कापतात, आणि शहाणा माणूस असेच करील, असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. शेवटी संशोधकाने वैतागून विचारले, "बरे, मूर्ख माणूस कसे लावील?" त्याबरोबर त्याने अन्न एकीकडे, अवजारे दुसरीकडे, असे चोख वर्गीकरण करून दाखवले! त्याला ते येत होतेच, पण तसे करणे त्याला शहाणपणाचे वाटत नव्हते. हे वाचले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो आणि मग बराच वेळ गप्प बसलो. "मूर्ख माणूस काय उत्तर देईल?" असे मी त्या मुलीला विचारले असते, तर ती निश्चित म्हणाली असती, "ऊस, गुर्जी."

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ व फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारीत, तेव्हा शंभरातली सुमारे अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर येत. तीच गणिते कागदावर आकड्यांनी मांडून दिली की बरोबर उत्तरे सदतिसाच्या आसपास येत. नारळांच्या जागी वाढ्यांच्या पेंढ्या ठेवल्या तर ही आमच्या राहात्याच्या बाजारातलीच कथा.

*

मग मुलाला विचारावे कसे? या शास्त्राने दिलेल्या तीन-चार युक्त्या गृहिणींनी व शिक्षकांनी लक्षात ठेवाव्या अशा आहेत.

पहिली युक्ती अशी की, मुलाला एकट्याने काय येते एवढेच पाहू नये, थोड्या मदतीने काय येते तेही पाहावे. व्हिगॉट्स्की उदाहरण देतात: दोन मुले दहा वर्षांची, दोघांची बुद्धी कसोटीवर आठ वर्षांची भरते. पण थोडे सुचवले, एक पायरी करून दाखवली, की एक मूल नऊ वर्षांच्या मुलाची गणिते सोडवते आणि दुसरे बारा वर्षांच्या. ही दोन मुले सारखी म्हणता येतील काय? परीक्षा झाडाला आज लागलेली फळे मोजते. कळ्या मोजण्याची सोय तिच्यात नसते. आमचे राहाते पेरूसाठी प्रसिद्ध आहे. बहार पाहून बागेचा अंदाज बांधणारा शेतकरी मुलाच्या बाबतीत मात्र प्रगतिपुस्तकावर विसंबतो, हे नवलच!

दुसरी युक्ती म्हणजे मुलाच्या हाताशी एखादे साधन ठेवायचे आणि ते त्याचा उपयोग कसा करते हे पाहायचे. व्हिगॉट्स्कींचे सहकारी लेऑन्तिएव्ह यांनी एक खेळ योजला होता. मुलाला रंगांविषयी प्रश्न विचारायचे, पण दोन ठरावीक रंगांची नावे घ्यायची नाहीत आणि कोणतेही नाव दोनदा घ्यायचे नाही. सोबत रंगीत पत्ते द्यायचे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पत्त्यांचा उपयोग होत नसे, उलट घोटाळाच होई. शाळकरी मुले निषिद्ध रंगांचे पत्ते बाजूला ठेवीत, वापरलेले उलटे करीत आणि चुका झपाट्याने कमी करीत. मोठ्या माणसांना पत्ते असले काय नि नसले काय, फारसा फरक पडत नसे, कारण त्यांचे पत्ते डोक्यात गेलेले असत. बाहेरचे साधन आत कसे उतरते, हे एका साध्या खेळाने दिसले. दिवाळीत मुले घरी असताना हा खेळ अवश्य करून पाहावा.

तिसरी गोष्ट अशी की, मुलाला एकाच जागी पाहू नये. घरी, शाळेत, अंगणात, बाजारात ते निरनिराळे असते. डेन्मार्कच्या मारिआन हेडगार्ड व ऑस्ट्रेलियाच्या मॅरिलिन फ्लीअर यांनी 2008 साली मुलांच्या अभ्यासपद्धतीवर जो ग्रंथ सिद्ध केला त्याचा भर यावरच आहे. घर मुलाकडून काय मागते, शाळा काय मागते, या मागण्यांत मूल कुठे अडते, आणि त्याला स्वतःला काय हवे असते, हे संशोधकाने पाहावे. तिथे आपणही एक माणूस म्हणून हजर आहोत, आपल्या असण्यानेही मूल बदलते, हे विसरू नये. वर्गात त्या मुलीच्या पुढे केवळ प्रश्न नव्हता. छडी हातात घेतलेला एक अनोळखी माणूसही होता. त्याची नोंद माझ्या वहीत कुठे होती?

*

हे सर्व परदेशातच झाले असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्रात मुलाकडे पाहण्याच्या दोन वाटा होत्या आणि दोन्ही मोलाच्या आहेत. एक वाट मोजणीची. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी म्हणून. शेरे मारण्यासाठी नव्हे. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 नंतरच्या दशकात त्या कसोट्या कन्नड व मराठी मुलांसाठी बेतल्या. परदेशी प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना विचारता येत नाहीत हे ओळखून त्यांनी केलेले ते कष्टाचे काम होते. कसोटी वाईट नसते. ती हाती घेणाऱ्याला तिची मर्यादा ठाऊक नसली, म्हणजे माझ्यासारख्या मास्तराच्या हातून अन्याय होतो.

दुसरी वाट ताराबाई मोडक यांची. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत मॉन्टेसोरी पद्धतीने मुलांना शिकवू लागल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पण शहरातले बालमंदिर श्रीमंतांचेच राहते, हा सल त्यांच्या मनात होता. 1945 साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या आणि तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हे काम वाढले.

तिथे काय घडले ते पाहावे. बालवाडी काढली, तर गरीब वस्तीतली मुले तिकडे येईनात. माझ्यासारखा एखादा म्हणाला असता, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी विचारले, 'असे का?' मुले येत नाहीत, कारण धाकटे भावंड कडेवर असते, गुरे राखायची असतात, आई मजुरीला गेलेली असते. म्हणून त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. कडेवरच्या भावंडांसाठी पाळणाघर काढले. गुराख्यांसाठी कुरणावरच शाळा भरवली. मॉन्टेसोरीची महाग साधने परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने ही साधने झाली, आणि ती मुलांच्या ओळखीची असल्याने त्यांना बोलकी झाली. मुलाचे जीवन आधी पाहायचे आणि मग शाळेला तसा आकार द्यायचा, हे संशोधन नव्हे तर दुसरे काय? व्हिगॉट्स्कींचा ग्रंथ इंग्रजीत येण्याच्या सतरा वर्षे आधी बोर्डीला हे सुरू झाले होते. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. त्या 1973 साली गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगण हा शब्द 'अंगणवाडी'च्या रूपाने देशभर पोहोचला. अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे जन्मभर, ते काम चालवले.

*

पुन्हा राहात्याला येतो. आमचा मुलूख एके काळी अवर्षणाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोदावरीचे कालवे आले आणि त्यांच्या पाण्यावर ऊस आला. जवळच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 साली त्याचे गाळप सुरू झाले. कालव्याने आमची घरे उजळली, शाळा-कॉलेजे निघाली, आमची मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण ज्या उसाने हे झाले, तो तोडायला येणाऱ्यांची मुले सहा महिने इथे आणि सहा महिने गावी, अशी दोन शाळांच्या मधल्या फटीत पडत राहिली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून आईबाप पहाटे फडात आणि दहा वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळीत. मुलाचा अभ्यास इतिहासासकट करावा असे जे शास्त्र सांगते त्याचा अर्थ मला इथे कळला. त्या मुलीच्या उत्तरात कालवा होता, कारखाना होता, उचल होती. मी मात्र ते उत्तर तिच्या एकटीच्या डोक्याच्या माथी मारले.

पुढे कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, मुले मागे गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहेही आली, आणि 2010 सालापासून शिक्षण हा मुलांचा कायद्याने हक्क झाला. हे सर्व चांगलेच झाले. परंतु कायदा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. आत आल्यावर त्याला प्रश्न कसा विचारायचा हे गुरुजींच्याच हाती असते.

एक खुलासा केला पाहिजे. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते आणि शाळेचे चूक, असे मला म्हणायचे नाही. 'हत्यारे' या एका शब्दात कोयता, विळा, कुऱ्हाड गोळा करता येणे ही मोठीच शक्ती आहे. ती हाती आल्यावाचून तिला पुस्तक वाचता येणार नव्हते, कायदा कळणार नव्हता, मुकादमाच्या वहीतला उचलीचा आकडा तपासता येणार नव्हता. ती शक्ती तिला देणे हेच माझे काम होते. ती देण्यासाठी तिच्या हातात आधीच काय आहे हे मला पाहायला हवे होते. पेंढ्यांच्या हिशेबावरून त्रैराशिकाकडे जाणारी वाट अवघी चार पावलांची होती. ती चार पावले मी तिच्याबरोबर चाललो नाही.

ती जुनी वही अजून माझ्या पेटीत आहे. पुस्तक वाचून आलो त्या रात्री मी ती काढली आणि 'मंद' या शब्दावर काट मारली. शेजारी काय लिहावे हे पुष्कळ वेळ सुचेना. शेवटी दोनच शब्द लिहिले: 'असे का?'

यंदाही टोळ्या येतील. आपल्या दारावरून वाढ्याच्या पेंढ्या घेऊन एखादी मुलगी जाईल. करंजी तर तिच्या हातावर ठेवाच, पण जाता जाता तिला एखादा हिशेबही विचारा, आणि उत्तर आले की तो तिने कसा केला, तेही विचारा.